काकूंचं मंगळसूत्र गेलं, पण तो दरोडा होता का?

आमच्या नागपूरच्या लेआउटमधल्या, म्हणजे कॉलनीतल्या, काकू सकाळी साडेसहाला फिरायला निघाल्या, कोपऱ्यावरच्या पानठेल्याजवळ दोन पोरं गाडीवर आली, मागच्यानं हात घातला, मंगळसूत्र ओढलं आणि गेली. दहा मिनिटांत लेआउटच्या व्हाट्सॲप ग्रुपवर "आपल्या इथे दरोडा पडला" असा मेसेज आला. त्याखाली एकानं लिहिलं लूटमार, दुसऱ्यानं लिहिलं चेन स्नॅचिंग, तिसऱ्यानं हात जोडलेले आणि रडके चेहरे टाकले. काका तर पोलीस स्टेशनात जाऊन डायरेक्ट म्हणाले, "साहेब, दरोडाच लिहा." तिथल्या साहेबांनी काय लिहिलं ते शेवटी सांगतो. पण काका रागारागानं घरी आले आणि मला म्हणाले, "तू कोर्टाकडेच असतो ना, सांग बरं, दिवसाढवळ्या गळ्यातून सोनं ओढून नेलं तो दरोडा नाही तर काय सत्यनारायण आहे?"

तर मी वकील नाही, आधीच सांगतो. सिव्हिल लाईन्सला कोर्टाजवळ एका वकील साहेबांकडे टायपिंग आणि फायलींचं काम करतो, बरीच वर्षं झाली. जामिनाचे अर्ज टाईप करून करून कलमं तोंडपाठ झालीत, आणि एक गोष्ट पक्की कळली आहे की लोकांच्या डोक्यातला हिशोब आणि कायद्यातला हिशोब वेगळाच असतो. लोकांना वाटते लहान रक्कम गेली तर चोरी, मोठी गेली तर दरोडा. कायदा या गुन्ह्यांत रक्कम जवळपास बघतच नाही. तो विचारते तीन गोष्टी: जोर किंवा भीती होती का, ती नेमकी कधी आणि कशासाठी होती, आणि लोक किती होते. २०० रुपयांसाठी माणूस जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतो आणि २० लाख उचलणाऱ्यावर साधी चोरीच लागू शकते, ते कसं ते बघू.

आधी कलमांचं सांगून टाकतो नाहीतर गोंधळ होते. १ जुलै २०२४ पासून जुनी भारतीय दंड संहिता, म्हणजे ज्याला आपण आयपीसी म्हणत होतो, ती गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. त्यामुळे ३९२, ३९५, ३९७ हे जे आकडे आपण पेपरात वाचत आलो ते आता ३०९, ३१०, ३११ झालेत. पण गुन्हा त्या तारखेच्या आधी घडला असेल तर केस जुन्याच कलमांनी चालते, म्हणून कोर्टात अजून काही वर्षं दोन्ही आकडे ऐकू येतील. आमच्या ऑफिसात तर भिंतीवर जुना नंबर–नवा नंबर असा कागदच चिकटवून ठेवला आहे, साहेब स्वतः अजून ३९५ च म्हणतात आणि मग मला बघून दुरुस्त करतात.

आता पाया. चोरी म्हणजे काय तर दुसऱ्याच्या ताब्यातली हलवता येणारी वस्तू, त्याच्या परवानगीशिवाय, बेइमानीनं, जागेवरून हलवणं. वस्तू हलली की चोरी पूर्ण झाली, पळून जाण्यात यश आलंच पाहिजे असं काही नाही. सीताबर्डीच्या गर्दीत कोणी तुमच्या खिशातून पाकीट अर्धं बाहेर काढलं आणि तुम्ही हात पकडला तरी ती चोरीच. शिक्षा ३ वर्षांपर्यंत किंवा दंड किंवा दोन्ही. नव्या कायद्यात एक नवीन गोष्ट आली, वस्तू ५००० रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, पहिलीच वेळ असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा म्हणून समाजसेवा. एवढ्याच ठिकाणी रकमेला थोडा भाव आहे, पुढं वर चढत गेलो की रक्कम गायब.

घरातून, देवळातून किंवा गाडीतून चोरी झाली तर ७ वर्षांपर्यंत, हे कलम ३०५. ठीक आहे, पुढं जाऊ.

काकूंच्या केसमधला पहिला टप्पा म्हणजे हिसकावणं. गंमत बघा, जुन्या कायद्यात याचं वेगळं कलमच नव्हतं. गळ्यातून चेन ओढली तर ती चोरी धरायची की जबरी चोरी यावर दरवेळी कोर्टात वाद, आरोपीचा वकील म्हणणार की माझ्या माणसानं वस्तूला हात लावला बाईला नाही, सरकारी वकील म्हणणार की गळ्याला ओरखडा आहे. हरियाणा, गुजरातसारख्या राज्यांनी कंटाळून आपापली वेगळी कलमं जुन्या कायद्यात घालून घेतली होती. आता न्याय संहितेत कलम ३०४ आलं: चोरी करण्यासाठी अचानक किंवा झटक्यात किंवा जोर लावून कोणाकडून वस्तू ओढून घेणं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत, आणि दंडही. वाचताना वाटते की चोरीइतकीच तर आहे, मग फरक काय? फरक "किंवा"चा आहे. साध्या चोरीत नुसत्या दंडावर सुटता येते, हिसकावण्यात कैद आणि दंड दोन्ही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ३ वर्षं कमीच आहेत, कारण चालत्या गाडीवरून चेन ओढली की बाई रस्त्यावर आपटू शकते, पण संसदेनं मला विचारलं नव्हतं.

आता येते खरी गोष्ट, जबरी चोरी, कलम ३०९. कायद्याचं पहिलंच वाक्य असं आहे की प्रत्येक जबरी चोरीत एकतर चोरी असते किंवा खंडणी असते. म्हणजे जबरी चोरी हा काही आकाशातून पडलेला वेगळा गुन्हा नाही, तो त्या दोघांपैकी एकावर चढवलेला मजला आहे. खाली चोरीच नसेल, तर वरचा मजला उभा राहूच शकत नाही. समजा तुमचीच गाडी मित्राकडे होती, तो देत नव्हता, तुम्ही खरंच आपली समजून त्याला ढकलून घेऊन गेलात, तर मारहाणीचा गुन्हा होईल, पण बेइमानीच नाही म्हणून चोरी नाही, आणि चोरी नाही म्हणून जबरी चोरीही नाही.

चोरीची जबरी चोरी कधी होते ते बघा, इथे एकेक शब्द वजन काट्यावर ठेवल्यासारखा आहे. चोरी करण्यासाठी, किंवा चोरी करताना, किंवा चोरलेला माल घेऊन जाताना किंवा नेण्याचा प्रयत्न करताना, चोरानं त्याच हेतूनं कोणत्याही माणसाला मारलं, दुखापत केली, अडवून धरलं, किंवा यापैकी काहीतरी लगेच होईल अशी भीती घातली, किंवा तसा प्रयत्न केला. दुखापत म्हणजे रक्तच आलं पाहिजे असं नाही, कायद्यात शारीरिक वेदना झाली तरी ती दुखापत आहे. अडवणं म्हणजे बांधून ठेवणंच नाही, ज्या दिशेनं जायचा तुम्हाला हक्क आहे तिकडे जाऊ न देणं एवढंही पुरते. आणि "कोणत्याही माणसाला" म्हणजे ज्याचा माल गेला त्यालाच असं नाही, मध्ये पडलेल्या पानठेलेवाल्याला धक्का मारला तरी चालते.

पण सगळ्यात महत्त्वाचे शब्द आहेत "त्याच हेतूनं". कळमना मार्केटचं उदाहरण घेऊ, मनानं रचलेलं आहे पण असं रोज होऊ शकते. संत्र्याच्या लिलावाच्या गडबडीत एकानं व्यापाऱ्याच्या खुर्चीखालची पैशाची थैली गुपचूप उचलली. आतापर्यंत साधी चोरी, थैलीत २० लाख असले तरी. एका हमालानं बघितलं आणि तो मागं धावला. आता दोन शक्यता आहेत. पहिली, चोरानं थैली काखेत दाबून ठेवली आणि हमालाच्या हातावर ब्लेड मारलं जेणेकरून थैली सुटू नये. झाली जबरी चोरी, कारण ब्लेड माल घेऊन जाण्यासाठी चाललं. दुसरी, चोर घाबरला, थैली तिथंच फेकली, आणि मग पकडणाऱ्या हमालाला बुक्की मारून पळाला. ही जबरी चोरी नाही! चोरी आहे, दुखापत आहे, दोन्हीची शिक्षा होईल, पण बुक्की माल नेण्यासाठी नव्हती, स्वतःची मान सोडवण्यासाठी होती. थैली हातात होती की जमिनीवर, एवढ्यावर शिक्षेचा कमाल आकडा ३ वर्षांवरून थेट जन्मठेपेपर्यंत जाते. पहिल्यांदा हे टाईप करताना मला वाटलं साहेबांनी काही चुकवलं, मग कळलं की हेच तर आहे सगळं.

दुसरी वाट खंडणीची. चोरीत चोर घेते, खंडणीत तुम्हीच काढून देता, भीतीनं. हा देण्या-घेण्याचा फरक लक्षात ठेवला की अर्धं काम झालं. नुसती खंडणी म्हणजे इतवारीतल्या सराफ्याला फोन आला की उद्या संध्याकाळपर्यंत ५ लाख पोचले नाही तर बघून घेऊ, आणि त्यानं भीतीनं ते पोचवले. हे कलम ३०८, शिक्षा ७ वर्षांपर्यंत, जुन्या कायद्यात ३ वर्षं होती ती वाढवली. आता तोच माणूस फोन न करता दुकानात आला, काउंटरवर कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, ठेवला आणि म्हणाला काढ गल्ल्यातले. सराफ्यानं स्वतःच्या हातानं पैसे दिले, म्हणजे मूळ गोष्ट खंडणीच, पण भीती घालणारा समोर उभा आहे, भीती आत्ता या क्षणाची आहे, आणि पैसे तिथल्या तिथे दिले गेले. या तीन गोष्टी जुळल्या की खंडणीची जबरी चोरी होते. उद्याची भीती खंडणी, आत्ताची भीती जबरी चोरी, असं मी नवीन आलेल्या ज्युनिअरला सांगतो आणि साहेब मला म्हणतात तू फार सोपं करते, पण मान्य करतात.

कायद्यात स्वतःचीच उदाहरणं दिलेली आहेत, १८६० पासूनची, आणि ती वाचायला मजा येते. एक माणूस रस्त्यावर बाप-लेकराला गाठते, लेकराला उचलते आणि म्हणते पाकीट दे नाहीतर याला कड्यावरून फेकतो. बाप पाकीट देते. जबरी चोरी, जरी धमकी लेकराच्या जिवाची असली आणि पैसे बापाचे असले तरी. दुसऱ्या उदाहरणात निरोप येते की तुझा मुलगा आमच्या टोळीच्या ताब्यात आहे, १०,००० रुपये पाठव नाहीतर मारून टाकू. ही खंडणी, जबरी चोरी नाही, जोवर बापाला मुलाचा जीव या क्षणी जाईल अशी भीती नाही तोवर. ऐकायला अन्याय वाटते ना, बापाच्या काळजाला काय फरक पडते की मूल समोर आहे की लांब. पण जबरी चोरी समोरासमोरचा गुन्हा आहे, कायद्यानं ती दारातल्या धोक्यासाठी ठेवली. लांबून अपहरण करून पैसे मागणाऱ्यासाठी वेगळं आणि फार कडक कलम आहेच, त्यात फाशीपर्यंत शिक्षा आहे, म्हणून तो सुटत नाही, फक्त वेगळ्या खणात जातो.

शिक्षेचं सांगतो. साध्या जबरी चोरीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड. तीच हायवेवर सूर्यास्त ते सूर्योदयाच्या मधे झाली तर १४ वर्षांपर्यंत. आपल्या नागपूरवाल्यांना हे कळायला जड नाही, उत्तर-दक्षिण ४४ नंबर आणि पूर्व-पश्चिम ५३ नंबर, दोन्ही हायवे इथूनच जातात, रात्री ढाब्यापाशी ट्रक लावून झोपलेल्या ड्रायव्हरला विचारा अंधाराची भीती काय असते. जुन्या काळी वाटमारी म्हणत ते हेच. आणि लक्षात घ्या, कायदा रात्र असं नाही म्हणत, सूर्यास्त म्हणते. डिसेंबरात नागपुरात साडेपाच वाजून गेले की सूर्य मावळते, म्हणजे पावणेसहाचा गुन्हा आणि पाचचा गुन्हा यात ४ वर्षांचा फरक पडू शकते. म्हणून वकील लोक उलटतपासणीत घटनेची वेळ विचारून विचारून साक्षीदाराला हैराण करतात, तो काही टाइमपास नसते.

प्रयत्न फसला तरी ७ वर्षांपर्यंत. जबरी चोरी करताना मुद्दाम दुखापत केली तर जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत, आणि ही शिक्षा ज्यानं मारलं त्यालाच नाही तर त्याच्याबरोबर त्या जबरी चोरीत सामील असलेल्या प्रत्येकाला. गाडी चालवणाऱ्यालाही. "मी तर फक्त गाडी चालवून राहिलो होतो साहेब" हे वाक्य मी जामिनाच्या अर्जात इतक्यांदा टाईप केलं आहे की कीबोर्डला पाठ झालं असेल.

आता ३११, जुनं ३९७, जे पोलिसांचं आणि पेपरवाल्यांचं लाडकं. जबरी चोरी किंवा दरोडा करताना एखाद्यानं प्राणघातक शस्त्र वापरलं, किंवा कोणाला गंभीर दुखापत केली, किंवा जीवे मारण्याचा किंवा गंभीर दुखापतीचा प्रयत्न केला, तर त्याला ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षा देताच येत नाही. बाकी कलमं वरची मर्यादा सांगतात, हे खालची सांगते. जज साहेबांना दया आली तरी ७ च्या खाली हात जात नाही. पण मग प्रश्न, "वापरलं" म्हणजे काय, चाकू भोसकलाच पाहिजे का? सुप्रीम कोर्टानं १९७५ मध्ये सांगून टाकलं की नाही, समोरच्याला दिसेल आणि त्याच्या मनात दहशत बसेल असा हातात धरला तरी तो वापरच झाला. खिशात लपवून ठेवला आणि काढलाच नाही तर वेगळी गोष्ट. त्याच निकालात दुसरीही गोष्ट ठरली की ही किमान शिक्षा शस्त्र वापरणाऱ्या माणसापुरतीच, बाजूला मोकळ्या हातानं उभ्या असलेल्याला हे कलम लागत नाही. म्हणजे दुखापतीचं कलम सगळ्यांच्या डोक्यावर, शस्त्राचं कलम ज्याच्या हातात शस्त्र त्याच्याच डोक्यावर. हा फरक चुकला म्हणून वरच्या कोर्टात शिक्षा बदललेल्या केसेस आहेत.

खेळण्यातलं पिस्तूल दाखवलं तर, असं एकानं मला विचारलं होतं. जबरी चोरीसाठी भीती खरी असली की झालं, पिस्तूल खरं नसलं तरी चालते. प्राणघातक शस्त्र होतं का हा मात्र वेगळा मुद्दा, तो ३११ साठी वेगळा सिद्ध करावा लागते.

आणि आता काकांचा दरोडा. दरोडा म्हणजे जबरी चोरीच, पण पाच किंवा जास्त लोकांनी मिळून केलेली किंवा करायचा प्रयत्न केलेली. बस. एवढंच. बंदुका नकोत, घोडे नकोत, डोंगर-दऱ्या नकोत. पाच जणांनी मिळून एका पोराला अडवून त्याच्या खिशातले २०० रुपये काढले तर कायद्यानं तो दरोडा, आणि शिक्षा जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. चार जणांनी बँक लुटली तर ती जबरी चोरी. चारचा आणि पाचचा फरक एवढा का तर कायद्याचं म्हणणं असं की पाच माणसं एकत्र आली की समोरचा एकटा माणूस काहीच करू शकत नाही, आणि एका गावाला घाबरवायला तेवढी पुरतात. पाचात कोण मोजायचे? प्रत्यक्ष करणारे तर आलेच, पण तिथं हजर राहून मदत करणारेही, म्हणजे नाक्यावर शिट्टी वाजवायला उभा असलेला पाचवा.

पाचही पकडले गेले पाहिजेत असं नाही बरं का. तीनच सापडले, दोन फरार, पण पुराव्यात पाच होते हे दिसलं तर तिघांना दरोड्याची शिक्षा होऊ शकते. पण नावं घेऊन पाचच जणांवर केस केली, बाहेरचा सहावा कोणी नव्हताच असं म्हटलं, आणि कोर्टानं त्यातल्या दोघांना तुम्ही तिथं नव्हतेच म्हणून सोडलं, तर उरले तीन, आणि दरोडा कोसळून जबरी चोरीवर येते. ही गोष्ट ऐकून काका म्हणाले, म्हणजे गणितच आहे का बे हे? हो काका, गणितच.

दरोड्याचं अजून एक वेगळेपण आहे. बाकी बहुतेक गुन्ह्यांत नुसती तयारी केली तर शिक्षा नसते, खुनासाठी चाकू विकत आणला एवढ्यावरच खुनाचा गुन्हा होत नाही. तयारीलाच शिक्षा असलेले गुन्हे मोजके, देशाविरुद्ध युद्धाची तयारी, खोट्या नोटा बनवायचं साहित्य ठेवणं असे. त्यात दरोडा आहे. दरोड्याची तयारी केली तर १० वर्षांपर्यंत, आणि दरोड्यासाठी पाच किंवा जास्त लोक नुसते जमले तरी ७ वर्षांपर्यंत. म्हणून पेपरात ती ठरलेली बातमी येते ना, दरोड्याच्या तयारीतली टोळी जेरबंद, त्यांच्याकडून लोखंडी रॉड, दोरी, कटर, आणि मिरची पूड जप्त. मिरची पूड नसेल तर ती बातमी पूर्णच वाटत नाही, आणि आरोपींचे वकील दरवेळी कोर्टात विचारतात की साहेब स्वयंपाकघरात मिरची कोणाकडे नसते. हसू येते, पण त्यात मुद्दा आहे, रॉड आणि मिरची सापडणं वेगळं आणि पाच जण दरोड्यासाठीच जमले होते हे सिद्ध होणं वेगळं.

आणि सगळ्यात भारी म्हणजे ३१०(३). पाच जण मिळून दरोडा टाकत असताना त्यातल्या एकानं जरी खून केला तर पाचही जणांना फाशी, जन्मठेप किंवा किमान १० वर्षं. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, तुमच्या हातात काही होतं की नव्हतं, हे विचारातच घेत नाही असं नाही, शिक्षा ठरवताना येते, पण गुन्ह्यातून सुटता येत नाही. दरोड्यात गेलेला माल दरोड्याचा आहे हे माहीत असून विकत घेतला तरी जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, हे जुनं सोनं स्वस्तात घेणाऱ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

जाता जाता एक जुनी गोष्ट. आयपीसीत ३१० आणि ३११ या नंबरांवर आधी काय होतं माहीत आहे का? ठग. खून करून लुटण्यासाठी किंवा मुलं पळवण्यासाठी टोळीनं फिरण्याची सवय असलेला माणूस म्हणजे ठग, शिक्षा जन्मठेप. इंग्रज अधिकारी स्लीमन यानं जबलपूर-नरसिंहपूर भागात, म्हणजे आपल्या उत्तरेला थोड्याच अंतरावर, ठगांविरुद्ध मोहीम चालवली, आणि त्या भीतीची छाप कायद्यात पडून राहिली. नव्या संहितेत ठगाचं कलम काढून टाकलं. ३१० नंबर आता दरोड्याला गेला. आजच्या टोळ्यांसाठी संघटित गुन्हेगारीचं कलम १११ आहे, आणि महाराष्ट्रात १९९९ पासून मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, आहेच, ज्यात मागच्या दहा वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त चार्जशीट असतील तर वेगळ्याच कडक रस्त्यानं केस जाते.

घरफोडीचं काय, हे हमखास विचारतात. तुम्ही लग्नाला गोंदियाला गेलात, मागं कुलूप तोडून सगळं साफ केलं, घरी आल्यावर लोक म्हणतात दरोडा पडला. नाही. घरात कोणी नव्हतं, कोणाला मारलं नाही, घाबरवलं नाही, म्हणून ती जबरी चोरीही नाही, मग दरोडा कसा होणार, पन्नास जण आले असले तरी. ती घरफोडी आणि चोरी. पण हलकी समजू नका, सूर्यास्तानंतर चोरीसाठी घरफोडी केली तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दिवसाच्या साध्या जबरी चोरीपेक्षा जास्त.

आणि स्वतःच्या बचावाचा हक्क. साध्या चोराला तुम्ही रोखू शकता, गरजेपुरता मारही देऊ शकता, पण जीव घ्यायचा हक्क नाही. जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी असेल तर कलम ४१ प्रमाणे वेळ आलीच तर हा हक्क हल्लेखोराच्या जिवापर्यंत जाते. पण हल्ला चालू आहे, भीती चालू आहे तोवरच, आणि गरजेपेक्षा जास्त नाही. चोर पडला, पकडला, खांबाला बांधला, आणि मग लेआउटच्या पोरांनी हात साफ करून घेतले, हा बचाव नाही, हा तुमच्यावरचा गुन्हा आहे. हे ग्रुपवर लिहिलं तर दोघांनी मला चोराचा मामा म्हटलं.

तर आता काकूंकडे. पोलिसांनी एफआयआरमध्ये ३०४ लावलं होतं, हिसकावणं. काका भडकलेले. मी त्यांना समजावलं की एफआयआरमधलं कलम म्हणजे दगडावरची रेघ नाही, तपासात पुढं आलं तर चार्जशीटमध्ये बदलते, कोर्टही आरोप ठरवताना बदलू शकते, महत्त्वाचं आहे ते तुम्ही काय घडलं ते नीट, क्रमानं सांगितलं का. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती वाचा. दोनच जण होते म्हणून दरोडा तर नाहीच काका, देव आला तरी नाही. पण जबरी चोरी आहे का, हे काकूंच्या बयानावर आहे.

काकूंचं बयान मी वाचलं, पाच ओळींचं. "दोन इसम मोटारसायकलने आले व मागे बसलेल्या इसमाने माझे गळ्यातील मंगळसूत्र हिसकावून नेले." झालं. मी काकूंना चहा घेत घेत विचारलं, काकू, आधीपासून सांगा, गाडी आली, मग?

"मग काय, तो मागचा उतरला."

उतरला? बयानात तर नाही हे.

"हो, उतरला ना. मले वाटलं पत्ता विचारते. मी बाजूला व्हायला गेली तर त्यानं माह्या मनगट धरलं, असं पिरगाळलं, अन् दुसऱ्या हातानं ओढलं. मी ओरडली तर म्हनते चूप, नाहीतर गळाच कापतो." आणि मग त्यांनी साडीचा पदर बाजूला करून मनगट दाखवलं, अजून निळं होतं.

मी काकांकडे बघितलं. काकांनी कप खाली ठेवला. मनगट आधी धरलं, मंगळसूत्र नंतर ओढलं, धमकी त्याच्या लगेच मागं. मी म्हटलं, काका, हे साहेबांना सांगितलं का? काकू म्हणाल्या, "त्यांनी विचारलं काय काय गेलं, मी सांगितलं मंगळसूत्र, दोन तोळ्याचं. मनगटाचं कोनी विचारलंच नाही, अन् मले वाटलं ते काय सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका-काकू परत गेले, पुरवणी बयान द्यायला, आणि जाताना मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, मनगट दाखवून कागद घेऊन गेले.